कुंपणावरची हुंडणावळ

"खरं का गं, कुठल्याशा कॉम्प्युटरच्या खेळातलं सोनं एका अख्ख्या देशाच्या पैशापेक्षा महाग झालं होतं म्हणे?"

शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या की आधी नमस्कार-चमत्कार वगैरे नसतं. मेंदीच्या कुंपणाला मधोमध एक खिंडार आहे. दोन्ही घरच्या माळ्यांना ते बुजवू नका अशी सक्त ताकीद आहे, कारण कढीपत्ता, विरजण आणि बातम्या तिथूनच जातात. मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे पैशाचा संबंध असलेलं काहीही काकूंच्या कानावर आलं की आधी माझ्याकडे येतं. ही बातमी बेंगळुरूहून आली होती. नातू तिथे इंजिनिअरिंगला आहे आणि अभ्यासातून वेळ उरला की खेळतो. निदान काकूंची तशी समजूत आहे.

"झालं होतं," मी म्हटलं. "2017 सालच्या जुलै-ऑगस्टात. देश व्हेनेझुएला, त्यांचा पैसा बोलिव्हार आणि खेळ वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. एका डॉलरला काळ्या बाजारात साधारण 8,500 बोलिव्हार मिळत होते. त्याच डॉलरात खेळातलं सोनं यायचं 8,400च्या आसपास. म्हणजे सोनं केसभर महाग."

"काळ्या बाजारात का? सरकारी भाव काय होता?" हा आवाज व्हरांड्यातून आला. काकांची निम्मी नोकरी बँकेच्या परकीय चलन विभागात गेली. पेपर तोंडापुढे धरलेला असला तरी डॉलर हा शब्द त्यांना चुकत नाही.

"अन्नधान्य आणि औषधांच्या आयातीसाठी दहा बोलिव्हारला एक डॉलर."

पेपर खाली आला. "दहा आणि साडेआठ हजार? अगं, एवढ्या फरकात माणसं बंगले बांधतात! दहाने घ्यायचा आणि मागच्या दाराने साडेआठ हजाराने विकायचा. ज्याची ओळख मंत्रालयात, त्याची सात पिढ्यांची सोय."

"ते राहू द्या हो," काकू म्हणाल्या. "मला आधी हे कळू दे, खेळातल्या सोन्याचा भाव डॉलरमध्ये ठरवतं कोण? आपल्याकडे सराफ बाजार आहे. तिकडे काय आहे?"

प्रश्न बरोबर होता. कंपनीने 2015च्या एप्रिलमध्ये टोकन नावाची एक चीज आणली, ती 20 डॉलरला मिळते. ज्याच्याकडे डॉलर आहेत पण खेळत बसायला वेळ नाही, तो टोकन घेतो आणि खेळातल्या लिलावघरात सोन्यावर विकतो. ज्याच्याकडे वेळ आहे पण डॉलर नाहीत, तो राक्षस मारून साठवलेलं सोनं देऊन ते घेतो आणि त्याला तीस दिवस खेळायला मिळतं. टोकनाला किती सोनं पडतं ते मागणी-पुरवठ्यावर वरखाली होतं. त्याला वीसने भागलं की झाली हुंडणावळ तयार.

"म्हणजे एवढा मोठा तेलाचा देश आणि एका खेळापेक्षा गरीब?"

"तसं नाही हो काकू. एका जपानी येनला आपल्याकडे अख्खा रुपयासुद्धा येत नाही. मग जपान आपल्यापेक्षा गरीब म्हणायचा का? कुवेतच्या एका दिनारला तीन डॉलरच्या वर येतात, पण कुवेत अमेरिकेच्या तिप्पट मोठा आहे असं कोणी म्हणत नाही. एका नगाला एक नग लावून बघितलं की फक्त गंमत कळते."

"ते कोपऱ्यावरचे नाही का व्हिएतनामला जाऊन आले!" काकूंना एकदम आठवलं. "पाच लाखांच्या नोटेचा फोटो आठवडाभर स्टेटसला होता. मला वाटलं, लॉटरी लागली."

"पाच लाख डोंग," काकांनी हिशेब केला, "म्हणजे वीस डॉलर. सतराशे रुपये धर."

"सतराशेचा एवढा तोरा!" हे काकूंनी जरा हळू म्हटलं, कारण कोपरा फार लांब नाही.

तर ही एक नगाला एक नग लावायची खोड जुनीच आहे, आणि ती लावली एका चांगल्या अर्थशास्त्रज्ञाने. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा. 2001 साली हे गृहस्थ कॅलिफोर्नियातल्या फुलरटनच्या सरकारी विद्यापीठात शिकवत होते. एव्हरक्वेस्ट नावाचा खेळ खेळता खेळता त्यांच्या लक्षात आलं की त्यातल्या नॉराथ या जगातली प्लॅटिनमची नाणी लोक बाहेर खऱ्या डॉलरला विकताहेत. त्यांनी भाव गोळा केले. एका नाण्याला अमेरिकेचा एक सेंट, किंचित वरच. तेव्हा डॉलरला येन शंभरावर मिळत होते आणि इटलीचे लिरा दोन हजारांवर. म्हणजे एक प्लॅटिनम येनपेक्षाही महाग आणि लिरापेक्षाही. वर्तमानपत्रांना एवढंच हवं होतं, ते त्यांनी उचललं.

"मग लिरावाल्यांनी काय केलं?"

"त्यांनी दुकानच बंद केलं. 2002च्या पहिल्या तारखेला युरोच्या नोटा हातात आल्या आणि 1,936 लिरांना एक युरो या भावाने लिरा निवृत्त झाला. नॉराथ अजून चालू आहे, पंचवीस वर्षं उलटून गेली त्याला."

काकांना हे फारसं आवडलं नाही. त्यांच्या उमेदीत लिराचे भाव रोज फळ्यावर लागत.

कॅस्ट्रोनोव्हांचं खरं काम पुढचं होतं. खेळातलं पात्र वरच्या पातळीला गेलं की त्याची विक्रीची किंमत वाढते. ती वाढ खेळलेल्या तासांनी भागून त्यांनी नॉराथची मजुरी काढली, तासाला 3.42 डॉलर. मग दरडोई उत्पन्न काढलं, तर नॉराथ बसलं रशिया आणि बल्गेरियाच्या मध्ये. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात. पण मला तो दुसरा आकडा कधी पूर्ण पटला नाही. रशियातला माणूस पगार घेऊन पाव आणतो. नॉराथच्या सगळ्या खेळाडूंनी एकाच दिवशी आपली पात्रं विकायला काढली असती तर 3.42 डॉलरमधले किती राहिले असते?

"आकड्यांचं जाऊ दे," काकू म्हणाल्या. "सोनं महाग झालं ते झालं ना?"

इथेच तर खरी गोम होती. सोनं महाग झालंच नव्हतं! टोकन निघालं तेव्हा अमेरिकेत त्याचा भाव होता 30,000 सोनं, म्हणजे डॉलरला 1,500. दोन-सव्वादोन वर्षांत तेच डॉलरला 8,400. सोन्याची किंमत साडेपाच पटीने पडली होती. एखाद्या देशात असं झालं असतं तर अर्थमंत्र्याला घरी पाठवलं असतं. फक्त त्याच काळात बोलिव्हार डॉलरला अडीचशे-तीनशेवरून 8,500वर गेला, तीसपट पडला. दोघेही पडत होते, एक जरा जोरात. 2017 साली वाटेत त्यांची गाठ पडली आणि जगाने ती चघळली. पैसा चांगला की वाईट हे बघायचं तर एक नाणं कितीला येतं हे बघून भागत नाही. आज भाजी आली तेवढीच महिन्याने येईल का, ते बघायचं.

"पण खेळात महागाई कशी? तिथे ना तेल, ना निवडणुका."

"खेळ करणारी मंडळी याला नळ आणि मोरी म्हणतात. राक्षस मारला की सोनं मिळतं. ते कोणाच्या खिशातून येत नाही, तिथल्या तिथे नवीन तयार होतं. हा नळ, आणि तो कायम उघडा. मग मोऱ्या ठेवाव्या लागतात. चिलखताची डागडुजी, उडता घोडा, लिलावघराची पाच टक्के दलाली. हे पैसे कोणालाच मिळत नाहीत, नाहीसे होतात. मोरी लहान पडली की महागाई."

"आणि व्हेनेझुएलात?"

"2014ला तेलाचा भाव कोसळला. परदेशातून येणारा जवळजवळ सगळा पैसा तेलाचाच. सरकारचा खर्च काही कमी झाला नाही, मग मध्यवर्ती बँकेने नोटा छापून दिल्या. नळ पूर्ण सोडला आणि मोरी कुठेच नाही."

काका खुर्ची घेऊन कुंपणापाशी आले. याचा अर्थ आता चहा इथेच होणार. काकूंनी आत हाक मारून तीन कप सांगितले.

व्हेनेझुएलाच्याच बँकेने नंतर कबूल केलेला 2018 सालचा महागाईचा आकडा 1,30,060 टक्के आहे. नोटांवरची शून्यं त्यांनी तीनदा उडवली. 2008 साली तीन, 2018च्या ऑगस्टात पाच आणि 2021च्या ऑक्टोबरात सहा. एकूण चौदा. काही दुकानदार नोटा मोजायच्या सोडून वजनकाट्यावर ठेवायला लागले होते. नोटा विणून कारागिरांनी पाकिटं आणि पर्सा केल्या, त्या रस्त्यावर विकल्या गेल्या. पर्सची किंमत तिच्यात विणलेल्या नोटांपेक्षा जास्त.

"आणि नोटबंदीसुद्धा केली त्यांनी," मी काकांकडे बघत म्हटलं. "आपली 8 नोव्हेंबर 2016ची. त्यांची त्यानंतर महिन्याभराने, डिसेंबरात. शंभर बोलिव्हारची त्यांची सगळ्यात मोठी नोट तीन दिवसांत बाद होणार म्हणून अध्यक्ष मादुरोंनी जाहीर केलं."

"शंभरची सगळ्यात मोठी? मग त्या नोटेची किंमत किती?"

"अमेरिकेचे दोन-तीन सेंट. नव्या नोटा मात्र आल्याच नव्हत्या. लुटालूट झाली, दुकानं फोडली. मग मुदत वाढवली, पुन्हा वाढवली, पुन्हा पुन्हा वाढवत गेले."

"आमच्याकडे निदान नवीन नोट आली होती," काका म्हणाले. "एटीएममध्ये बसत नव्हती ती गोष्ट वेगळी."

चहा आला. काकूंनी बशीत ओतला आणि मला वाटलं, विषय आता कोपऱ्यावरच्या घराकडे वळणार. पण काकू काही सोडत नव्हत्या. "मग तिथल्या लोकांनी खेळातलं सोनं का नाही साठवलं?"

"साठवलं नाही. खणलं."

केंब्रिजच्या जॅजेक्स कंपनीचा रूनस्केप नावाचा एक खेळ आहे. त्याची जुन्या पद्धतीची आवृत्ती 2013 साली पुन्हा सुरू झाली. चित्रं साधी, त्यामुळे जुनाट कॉम्प्युटरवर, कसल्याही इंटरनेटवर चालते. व्हेनेझुएलातली कितीतरी मुलं, आणि बाप्येसुद्धा, त्यात दिवसदिवस बसायला लागले. हिरवे ड्रॅगन मारायचे, त्यांची हाडं आणि कातडी गोळा करायची, ती खेळातच विकून सोनं करायचं आणि ते सोनं दलालामार्फत अमेरिका-युरोपातल्या हौशी खेळाडूंना डॉलरवर द्यायचं. तासाला हातात पडायचे ते डॉलरचे तुकडेच, कधी अर्धा, कधी त्याहून कमी. पण 2018च्या सुमाराला तिथलं किमान वेतन काळ्या बाजाराच्या भावाने महिन्याला जेमतेम काही डॉलरवर आलं होतं. शिकलेल्या माणसाच्या पगारापेक्षा ड्रॅगनची कातडी बरी.

"म्हणजे घर चालवायला खेळायचं?"

"आणि तेही चोरून. सोनं बाहेर विकणं कंपनीच्या नियमात बसत नाही. सापडलं की खातं बंद, सगळी कमाई गेली. ते हिरवे ड्रॅगन आहेत अशा माळावर, जिथे दुसरा खेळाडू येऊन तुम्हाला मारू शकतो आणि तुमच्याजवळचं लुटू शकतो. 2017 साली एका खेळाडूने तिथे व्हेनेझुएलाची माणसं कशी हुडकायची आणि कशी मारायची, याची चक्क मार्गदर्शिका लिहून प्रसिद्ध केली. त्यावर बराच गदारोळ झाला."

काकूंनी बशी खाली ठेवली. "का मारायचं पण?"

"सोन्याचा भाव पाडतात म्हणून. खेळाची मजा घालवतात म्हणून. असं म्हणणारे म्हणत होते."

"दुसऱ्याच्या घरी चूल पेटते त्याने यांची मजा जाते? बाई बाई!" आणि मग काकांकडे वळून, "तुम्ही काही बोलत का नाही?"

काका बँकेतलं बोलले. "यात एक अडचण आहे. खेळातला पैसा कागदावर कितीही मजबूत दिसू दे, त्याला बाहेर जायची वाट नाही. डॉलर देऊन सोनं घेता येतं. सोनं देऊन डॉलर? कंपनी देते का?"

"नाही. टोकनवरून खेळायचे दिवस मिळतात, नाहीतर त्याच कंपनीच्या दुकानात खरेदी करण्यापुरती शिल्लक. रोख नाही."

"मग ते चलन कसलं! ते कुपन. एकतर्फी हुंडणावळीला आम्ही हुंडणावळ म्हणत नव्हतो."

इथे मला काकांना छेडल्याशिवाय राहवलं नाही. खऱ्या देशांचं काय वेगळं आहे? आइसलंडमध्ये रेक्याविकच्या कंपनीचा ईव्ह ऑनलाइन म्हणून अंतराळातल्या लढायांचा खेळ आहे. त्यातल्या चलनाला आयएसके म्हणतात आणि आइसलंडच्या खऱ्या क्रोनाचं बँकेतलं लघुरूपही आयएसकेच. कंपनीने 2007 साली खेळावर लक्ष ठेवायला अर्थशास्त्रज्ञ नेमला, तो दर तिमाहीला महागाईचे अहवाल काढायचा. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2008मध्ये, खऱ्या आइसलंडच्या तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या. सरकारने पैसा देशाबाहेर न्यायला निर्बंध घातले, ते 2017 साली उठले. इतकी वर्षं खेळातल्या आयएसकेला बाहेर जायची बंदी आणि देशातल्यालाही!

"अर्थशास्त्रज्ञ खेळातच गुंतला असेल," काकू म्हणाल्या.

ग्रीसचं तर त्याहून गमतीचं आहे. यानिस व्हारोफाकिस 2012 साली व्हॉल्व्ह या गेम कंपनीत अर्थशास्त्रज्ञ म्हणून होते, खेळातल्या टोप्यांच्या देवाणघेवाणीचा अभ्यास करत. 2015च्या जानेवारीत ते ग्रीसचे अर्थमंत्री झाले आणि जूनअखेर बँका बंद, एटीएममधून माणशी दिवसाला साठ युरो. टोप्यांवर अशी मर्यादा कधी आली नव्हती. यात दोष सगळा त्यांचा नव्हता, पण गप्पांमध्ये कोण एवढं बघतं!

"बँकांवरून आठवलं," मी म्हटलं. "त्या ईव्हमध्येही एक बँक बुडाली. खेळाडूंनीच काढलेली, ठेवी घेणारी, व्याज देणारी. 2009 साली तिच्या प्रमुखानेच 200 अब्ज आयएसके उचलले आणि बाहेर विकून साधारण 6,300 ऑस्ट्रेलियन डॉलर केले. घराचं डिपॉझिट भरायचं होतं आणि मुलाच्या दवाखान्याचा खर्च होता म्हणाला. मग ठेवीदारांची झुंबड."

"अगदी आपल्या पतपेढीसारखं," काकू पुढे सरसावल्या. "मग त्याला पकडलं का?"

"खेळातून हाकललं. पण चोरीबद्दल नाही. त्या खेळात चोरी, लबाडी, गळा कापणं सगळं चालतं, तीच त्याची मजा. हाकललं ते खेळातला पैसा खऱ्या पैशात विकला म्हणून."

काका मोठ्याने हसले. आणखी चहाचं निघालं, पण संध्याकाळ होत आली होती आणि काकूंना दिवाबत्ती होती. त्या जागच्या हलल्या मात्र नाहीत. काहीतरी मनात जुळत होतं.

"आमच्या ह्याच्याकडे म्हणे पाच-सहा लाख सोनं आहे. मला सांगत होता, आजी मी लखपती आहे. ते त्याच्या नावावर आहे की नाही?"

"करारात बघायला गेलं तर कंपनीच्या नावावर. त्याला फक्त वापरायची परवानगी."

"आणि महिन्याची वर्गणी असते ना खेळाला?"

"पंधरा डॉलर."

"ती कोण भरतं?"

मी काकांकडे बघितलं. काकांनी पेपर पुन्हा वर घेतला, पण अंधारात वाचायला काही दिसत नव्हतं. "माझ्या कार्डावरून जातात," ते म्हणाले. "तेराशे रुपयांच्या आसपास. मी म्हटलं, पोरगं एकटं राहतं..."

काकूंनी कमरेचा फोन काढला. नातवाने पहिल्या रिंगला उचलला.

"अरे, ते टोकन का काय ते सोनं देऊन मिळतं ना? आणि त्यावर महिनाभर खेळता येतं ना? मग पुढच्या महिन्यापासून आजोबांचं कार्ड नाही. तुझ्या लाखांमधून भर."

पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. काकू हं हं करत राहिल्या आणि मग फोनवर हात ठेवून मला म्हणाल्या, "सध्या टोकन फार महाग झालंय म्हणतो. भाव उतरला की घेईन म्हणतो. आता मला एवढंच सांग, आजचा भाव मला कुठे बघायला मिळेल?"